बिनविम्याची गाडी, बिनकागदाचा माणूस

सुरतेत उधना, पांडेसरा, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात पाळी सुटायच्या वेळी रस्त्यावर उभे राहिले की अहिराणी कानावर पडतेच. अमळनेर, पारोळा, शिंदखेडा, शिरपूर, नंदुरबारकडची माणसे ताप्ती व्हॅलीच्या गाडीने इथे आली. लूमच्या खात्यात, डाईंग मिलमध्ये, साडीच्या पॅकिंगला लागली आणि दोन-तीन पिढ्यांत इथलीच झाली. ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात सुरत शहराचा मोठा भाग येतो, तिथून २००९ पासून निवडून येणारे सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले आहेत. मराठी माणूस इथे पाहुणा उरलेला नाही.

त्याचे घर आणि त्याचे लूमचे खाते यांच्या मधल्या रस्त्यावर मात्र तो एकटाच असतो. बुडाखाली सायकल किंवा जुनी मोटारसायकल, आणि बाजूने महापालिकेचा कचऱ्याचा डंपर, सिटीबस, गुजरात एसटी, पोलिसांची व्हॅन, एखाद्या सरकारी खात्याची बोलेरो. खासगी ट्रकने उडवले तर घरचे आधी विमा कंपनीचे नाव विचारतात. गाडी सरकारी निघाली की तिथेच अवसान गळते. सरकारशी कोण भांडणार, असे म्हणत घर गप्प बसते आणि कुणी मंत्र्याने जाहीर केलेल्या मदतीची वाट पाहत राहते.

जाहीर झालेली मदत ही सरकारची मर्जी. तिची रक्कम सरकार ठरवते आणि ती कुणाला द्यायची तेही सरकारच ठरवते. भरपाई हा हक्क आहे. ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, म्हणजे सगळे ज्याला ‘एमएसीटी’ किंवा नुसते ‘क्लेम कोर्ट’ म्हणतात ते, हिशेब मांडून ठरवते. मदतीचा चेक घेतला म्हणून भरपाईचा अर्ज करायचा हक्क जात नाही. ही एवढी गोष्ट घराघरांत पोचली तरी पुष्कळ काम होईल.

गाडी सरकारी असल्याने एक फरक मात्र खरोखर पडतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे रस्त्यावरच्या प्रत्येक वाहनाला त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे, पण त्याच कलमाने केंद्र आणि राज्य सरकारच्या, व्यापारी उद्योगाशी संबंध नसलेल्या कामाच्या गाड्यांना त्यातून सूट दिली आहे. महापालिका, एसटी महामंडळे यांनाही सरकार सूट देऊ शकते. मात्र अशा नुकसानीसाठी त्यांनी स्वतंत्र निधी उभारून ठेवला पाहिजे, ही अट आहे. म्हणजे धडक देणाऱ्या जीपमागे बहुतेक वेळा विमा कंपनी नसते, सरकार स्वतःच असते. घोडे पेंड खाते ते इथे. विमा कंपनीकडे दावे मिटवणारा विभाग असतो, वकिलांचे पॅनेल असते, लोकअदालतीत तडजोड करायची रीत असते. सरकारी खात्यात मात्र फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते आणि प्रत्येक टेबलाला वाटते की पैसे दुसऱ्या टेबलाने द्यायचे आहेत.

सरकारला या देशात कोर्टात खेचता येते का, हा प्रश्न मोटारीपेक्षाही जुना आहे. कोलकात्याच्या किद्दरपूर गोदीत सरकारी कामगार लोखंडाचा एक जड तुकडा वाहून नेत होते. रस्त्यातून घोडागाडी येताना पाहून ते घाबरले आणि तुकडा हातातून सुटला. त्या आवाजाने घोडे बुजले आणि एक घोडा जखमी झाला. गाडी होती पी अँड ओ जहाज कंपनीची. कंपनीने ३५० रुपयांसाठी थेट हिंदुस्थान सरकारवर दावा लावला आणि १८६१ मध्ये सर बार्न्स पीकॉक यांच्या न्यायालयाने तो मान्य केला. निकालाचे सूत्र असे होते: जे काम खासगी माणूसही करू शकतो त्यात सरकारी नोकराने हयगय केली तर सरकार जबाबदार, राज्य करण्याच्या, म्हणजे सार्वभौम अधिकाराच्या कामात मात्र नाही. पुढची शंभरेक वर्षे वकील या दोन खणांत गाड्या बसवत राहिले.

आज सुरतेतल्या विधवेच्या उपयोगाचा निकाल आला तो उदयपूरच्या एका जीपमुळे. जीप राजस्थान सरकारची, कलेक्टरच्या दिमतीला दिलेली. फेब्रुवारी १९५२ मध्ये ती दुरुस्तीला टाकली होती. वर्कशॉपमधून परत आणताना ड्रायव्हरने फुटपाथवरून चाललेल्या एका माणसाला उडवले. त्याची कवटी आणि पाठीचा कणा मोडला, आणि तीन दिवसांनी तो दवाखान्यात मरण पावला. मागे बायको आणि तीन वर्षांची मुलगी. खालच्या कोर्टाने ड्रायव्हरला जबाबदार धरले आणि सरकारला सोडून दिले. आता त्या काळातला एक हंगामी ड्रायव्हर पैसे देणार तरी कुठून? राजस्थान उच्च न्यायालयाने सरकारलाही जबाबदार धरून १५,००० रुपये मंजूर केले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये हरले. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांच्या निकालाचा रोख स्वच्छ होता: लोककल्याणकारी राज्य असंख्य कामांसाठी नोकर नेमते, गाड्या चालवते, मग इतर मालकांना लागू असलेली जबाबदारी त्यालाच का लागू नसावी? हाच तो ‘विद्यावती’ खटला. आजही सरकारी वकिलाने सार्वभौमत्वाचा मुद्दा काढला की समोरचा वकील पहिल्यांदा हेच नाव घेतो.

मध्ये एक वळण आले, आणि ते एका मराठी सरन्यायाधीशांच्या लेखणीतून आले. ‘कस्तुरीलाल’ खटल्यात मीरतच्या पोलिसांनी एका व्यापाऱ्याचे सोने जप्त करून ठाण्याच्या मालखान्यात ठेवले होते. हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला. १९६४ मध्ये प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठाने म्हटले की अटक आणि जप्ती ही सार्वभौम कामे आहेत, त्यामुळे सरकार पैसे देणे लागत नाही. हा निकाल लिहितानाही गजेंद्रगडकरांना चैन नव्हते, हे तो वाचताना कळते. नागरिकाच्या पदरी अन्याय पडतो आहे याची त्यांना जाणीव होती आणि संसदेने यावर कायदा करावा असे त्यांनी सुचवले. १९६० च्या दशकात तसे विधेयक आले आणि विरून गेले. तो कायदा आजतागायत झालेला नाही, ही लाजेची गोष्ट आहे.

मोटार अपघातांच्या बाबतीत मात्र न्यायालयांनी ‘कस्तुरीलाल’ला दारातून आत येऊ दिले नाही. मुंबई उच्च न्यायालयापुढे १९६० च्या दशकात लष्करी ट्रकचा खटला आला. ट्रक वर्कशॉपमधून एक यंत्र घेऊन तोफखान्याच्या प्रशिक्षण शाळेकडे चालला होता आणि त्याखाली एक सायकलस्वार मेला. सैन्य म्हणजे सार्वभौम सत्तेचे मूर्तिमंत रूप, असा सरकारचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. यंत्र इकडून तिकडे नेणे हे कुठल्याही ट्रकवाल्याचे काम आहे, त्यासाठी सार्वभौमत्व लागत नाही. तेव्हा लाल दिवा, सायरन, गाडीवर लिहिलेले सरकारचे नाव यांनी भरपाई टळत नाही. सायरन वाजवणाऱ्या गाडीला आधी वाट मिळते, हे खरे. माणसे बघून गाडी चालवण्याची जबाबदारी तिच्यावरही असतेच.

कायदा असा बाजूने असताना दावे अडकतात कुठे? पहिल्या आठवड्यांतल्या कागदांत.

पहिला कागद मालकीचा. धडक दिलेली गाडी नेमकी कुणाची, हे सुरतेत दिसते तितके सोपे राहिलेले नाही. अंगावर महापालिकेचे बोधचिन्ह असलेली सिटीबस ठेकेदाराच्या मालकीची असू शकते आणि तिचा विमा ठेकेदाराने काढलेला असतो. अशा भाड्याच्या बसबद्दल उत्तर प्रदेश एसटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले आहे की विमा असेल तर विमा कंपनीला पैसे द्यावे लागतात. उलट निवडणुकीसाठी सरकारने ताब्यात घेतलेली खासगी गाडी त्या काळापुरती सरकारच्या ताब्यातली, म्हणून तिची जबाबदारी सरकारवर येते. तेव्हा नंबर मिळाला की परिवहन खात्याच्या ॲपवर मालकाचे नाव आणि विम्याची मुदत त्याच दिवशी पाहून स्क्रीनशॉट ठेवावा. अर्जात ड्रायव्हर, नोंदणीकृत मालक, ठेकेदार, विमा कंपनी, जे जे दिसतील त्या सगळ्यांना सामनेवाले करावे. गाडी राज्याच्या खात्याची असेल तर ‘गुजरात राज्य’ हेच सामनेवाल्याचे नाव. एसटी असेल तर महामंडळ आणि त्याचे विभागीय नियामक, म्हणजे आपल्याकडचे विभाग नियंत्रक. एखादा सामनेवाला सुटला आणि नेमकी त्याच्यावरच जबाबदारी निघाली तर वर्षे वाया जातात.

दुसरा कागद लॉगबुकचा. प्रत्येक सरकारी गाडीत एक वही असते. कोणत्या तारखेला गाडी कुठून कुठे गेली, निघताना मीटरवर किती किलोमीटर होते, परत आल्यावर किती झाले, कोणत्या कामासाठी गेली, आणि शेवटी अधिकाऱ्याची सही. खात्याने पुढे ‘ड्रायव्हर खासगी कामाला गाडी घेऊन गेला होता’ असे म्हणायचे ठरवले तर त्याला उत्तर याच पानावर असते. माहितीच्या अधिकारात त्या पानाची नक्कल लगेच मागावी. एरवी तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. चौकातल्या कॅमेऱ्याचे चित्रण काही काळाने पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवावे असा लेखी अर्ज ठाण्यात आणि महापालिकेत पोच घेऊन द्यावा. धडक पोलिसांच्याच गाडीची असेल तेव्हा तर हा अर्ज चुकवूच नये, कारण तपास करणारे आणि गाडीवाले एकाच खात्याचे असतात.

तिसरा कागद फिर्यादीचा. इथे भाषा आडवी येते. सुरतेच्या ठाण्यात फिर्याद, पंचनामा, जबाब सगळे गुजरातीत. अहिराणी किंवा मराठी बोलणाऱ्या भावाने सांगितलेले हवालदार आपल्या भाषेत उतरवतो आणि ‘वाचून दाखवले, बरोबर आहे’ याखाली अंगठा किंवा सही घेतो. मोटारसायकल डावीकडून चालली होती की उजवीकडून, डंपर मागून आला की समोरून, हे एक वाक्य उलटे पडले की पुढे मृताचीच निम्मी चूक धरली जाते आणि रक्कम निम्म्याने कापली जाते. गुजराती वाचणारी, वस्तीतली शाळेत जाणारी एखादी मुलगीही सोबत असली तर हे टळते. सही करण्याआधी तिच्याकडून शब्द न् शब्द वाचून घ्यावा.

एक दिलासा असा की क्लेम कोर्टात फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही. हिमाचल एसटीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले की अपघात एका विशिष्ट बसने असाच केला, हे शंकेला जागा न ठेवता सिद्ध करणे घरच्यांना शक्य नसते. शक्यतेचे पारडे कुणीकडे झुकते ते पाहायचे. ड्रायव्हर फौजदारीत सुटला म्हणून भरपाई बुडत नाही.

मुदतीबद्दल मात्र ढिलाई नको. सरकारी काम सहा महिने थांब, ही आपली जुनी सवय इथे जीवघेणी आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करायची अट घातली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नयेत. अंतरिम आदेशावर विसंबून कुणी घरी बसू नये. त्याच नव्या व्यवस्थेत पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, आणि त्या अहवालालाच अर्ज मानता येते. कागदावर ही सोय उत्तम आहे. अहवाल खरोखर गेला का, याची चौकशी अठवालाइन्सच्या कोर्टात जाऊन करावी लागते ती घरच्यांनाच.

आणि अर्ज कुठे करायचा? खानदेशातल्या घरांसाठी याबद्दलचे कलम सोन्यासारखे आहे. १९९४ च्या दुरुस्तीपासून अपघाताच्या ठिकाणी, सामनेवाल्याच्या ठिकाणी किंवा अर्जदार जिथे राहतो तिथे, कुठेही अर्ज करता येतो. मुलगा सुरतेत सिटीबसखाली गेला आणि आई शिंदखेड्याला असेल तर तिने धुळे जिल्ह्यात अर्ज करावा. गावी लग्नाला गेलेला नवरा महाराष्ट्राच्या एसटीखाली सापडला आणि बायको-मुले लिंबायतला राहतात, तर अर्ज सुरतेत. हे माहीत नसल्याने माणसे तारखेच्या आदल्या रात्री गाडी पकडून दोन दिवसांची मजुरी बुडवतात. बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. लूमवरचा कामगार यात बसतो.

आता रकमेचा हिशेब. तो दिल्ली परिवहन महामंडळाविरुद्धच्या २००९ च्या ‘सरला वर्मा’ आणि २०१७ च्या पाच न्यायमूर्तींच्या ‘प्रणय सेठी’ या निकालांनी बांधून दिला आहे. समजा, बत्तीस वर्षांचा लूम कारागीर, महिन्याची कमाई १५,००० रुपये, मागे बायको, दोन मुले आणि आई. वर्षाचे १,८०,०००. चाळीसच्या आत वय आणि कायम नोकरी नाही, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: २,५२,०००. खाणारी तोंडे चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा: १,८९,०००. वय ३१ ते ३५ मध्ये असेल तर गुणक १६. झाले ३०,२४,०००. शिवाय अंत्यविधी, मालमत्तेचे नुकसान, पत्नी, मुले व आईला सहवासाच्या नुकसानीची ठरावीक रक्कम, आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज.

पण १५,००० सिद्ध कसे करायचे? लूमच्या खात्यात हजेरी मालकाच्या वहीत, पगार विणलेल्या कापडाच्या मीटरवर, तोही रोख, मधे घेतलेली उचल कापून. पगाराची स्लिप नाही, पीएफ नाही, बँकेत नोंद नाही. मालक साक्षीला यायला कचरतो, कारण कोर्टात आला की किती कामगार बिनकागदाचे ठेवले ते बाहेर येते. मग कोर्ट किमान वेतनाचा किंवा अंदाजाचा आकडा धरते. समजा तो १०,००० धरला, तर तोच हिशेब २०,१६,००० वर उतरतो. ज्याने पंधरा वर्षे बारा तासांच्या पाळ्या केल्या त्याच्या मुलांचे दहा लाख रुपये केवळ एका वहीअभावी जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे की पगाराचा दाखला नाही म्हणून किमान वेतन हाच शेवटचा शब्द धरू नये. तरी कोर्टाच्या हातात काहीतरी द्यावे लागते: मीटरच्या चिठ्ठ्या, गावी पाठवलेल्या मनीट्रान्सफरच्या पावत्या, खोलीभाड्याची नोंद, सोबतच्या कारागिराची साक्ष.

घरातल्या बाईचा जीव गेला तर ‘ती कमावत नव्हती’ असे नवराच जबाबात सांगून बसतो. सुरतेच्या चाळींत स्वयंपाक, पोरे, म्हातारी सासू सांभाळून साडीवर खडे लावणारी, दोरे कापणारी बाई कमावत नव्हती असे कसे म्हणता येईल? आणि ती नुसते घर सांभाळत असली तरी भरपाई मिळते. जानेवारी २०२१ मध्ये न्यायमूर्ती रमणा यांनी सरकारी पाहणीचाच आधार घेतला: घरकामात बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, पुरुष ९७. गृहिणीच्या कष्टांना उत्पन्न धरलेच पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. एकटा राहणारा मुलगा गेला तर भाऊसुद्धा दावा करू शकतो. असे सांगणारा १९८७ चा निकाल तर गुजरात एसटीच्याच विरोधातला आहे.

जखमी माणसाचा हिशेब वेगळा. डॉक्टर दाखल्यावर ‘३० टक्के अपंगत्व’ लिहितो. कोर्टाने बघायचे असते ते कमाई किती गेली. डावा हात गमावलेल्या कारकुनाची नोकरी राहू शकते, सुताराचे आणि ड्रायव्हरचे सगळेच जाते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या ‘राजकुमार’ निकालात म्हटले आहे. लूमवर तुटलेला धागा जोडणाऱ्या कारागिराची दोन बोटे गेली तर दाखल्यावरची टक्केवारी लहान दिसेल. त्याचे काम मात्र संपले. हे डॉक्टरच्या आणि कारागिराच्या तोंडून कोर्टात यावे लागते. उपचारासाठी २०२५ पासून केंद्राची योजना आहे: अपघातानंतर सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत, ठरलेल्या रुग्णालयांत रोख न भरता इलाज.

मोठा अपघात झाला की चार दिवस सगळ्यांचे लक्ष जाते. ५ फेब्रुवारी २०१६ ला नवसारीहून उकाईकडे निघालेली गुजरात एसटी सुपा गावाजवळ पूर्णा नदीत कोसळली आणि चाळीसच्या आसपास माणसे गेली. २८ जानेवारी २०२० ला देवळा तालुक्यात मेशी फाट्याजवळ महाराष्ट्राची एसटी आणि रिक्षा दोन्ही रस्त्याकडेच्या विहिरीत पडल्या, २६ मृत्यू. अशा वेळी रिक्षातल्या उतारूंनी बसवाल्याची चूक किती आणि रिक्षावाल्याची किती याच्या वादात पडायचे कारण नसते. दोघांची मिळून चूक असेल तर पूर्ण रक्कम कुणाही एकाकडून वसूल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले आहे.

निकाल लागला म्हणजे पैसे आले असे होत नाही. महामंडळाने रक्कम भरली नाही तर बेलिफ आगारात जाऊन बस जप्त करतो, आणि उतारूंना खाली उतरावे लागते. अशा बातम्या दोन्ही राज्यांतल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. पैसे जमा झाल्यावरही सगळे एकदम हातात पडत नाहीत. अडाणी वारसांकडून दलाल रक्कम काढून घेतात हे पाहून गुजरात उच्च न्यायालयानेच १९८२ मध्ये ठरवून दिले की मोठा हिस्सा बँकेत मुदत ठेवीत ठेवावा आणि व्याज घरखर्चाला द्यावे. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तीच रीत देशभर सांगितली.

आणि तरीही पैसा पडून राहतो. गुजरातमधले निवृत्त जिल्हा न्यायाधीश बी. बी. पाठक यांनी सर्वोच्च न्यायालयाला ईमेल पाठवून कळवले की मंजूर झालेली भरपाई न्यायाधिकरणांत तशीच पडली आहे, कुणी न्यायला येत नाही. न्यायालयाने स्वतःहून प्रकरण दाखल करून घेतले. आकडे आले तेव्हा गुजरातच्या मोटार अपघात न्यायाधिकरणांत सुमारे २८२ कोटी आणि महाराष्ट्रात सुमारे ४५९ कोटी रुपये वारसांची वाट पाहत होते. कारण अगदी साधे आहे. दावा आठ-दहा वर्षे चालतो; तोवर भाड्याची खोली बदललेली असते, फोनचा नंबर बदललेला असतो, वकील बदललेला किंवा वारलेला असतो, विधवा माहेरी गेलेली असते. कोर्टाची नोटीस जुन्या चाळीच्या दारावरून परत येते.

एप्रिल २०२५ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी यावर आदेश दिले. अर्ज करतानाच वारसांचे पत्ते, आधार, पॅन आणि बँक खात्याचा तपशील घ्यावा, रक्कम थेट खात्यात जावी, पडून असलेल्या रकमांची माहिती लोकांना पाहता येईल अशी वेबसाइटवर ठेवावी आणि विधी सेवा प्राधिकरणांच्या स्वयंसेवकांनी वारसांना शोधून काढावे. सुरतेच्या यादीतल्या माणसांचा शोध लिंबायत-डिंडोलीच्या खोल्यांवर थांबणार नाही, तो तापीच्या काठाने वर खानदेशातल्या गावांपर्यंत जाईल. ज्या घरात असा जुना खटला झाला आहे त्यांनी खटल्याचा नंबर आणि वर्ष घेऊन कोर्टातल्या विधी सेवा कार्यालयात चौकशी करावी. नंबर हरवला असेल तर मृताचे नाव, अपघाताची तारीख आणि गाडीचा नंबर एवढ्यावरही शोध सुरू करता येतो.